लोणावळ्याचा समुद्र साडेपाचला बंद होतो

लोणावळ्याला समुद्र आहे. भूगोलाच्या पुस्तकात तो सापडत नाही, कारण पुस्तक लिहिणाऱ्यांनी तिकीट काढलेलं नसतं. समुद्रसपाटीपासून सुमारे सव्वासहाशे मीटर उंचीवर, उतरत्या निळ्या फरशीवर तो पसरलेला आहे. ठरल्या वेळी भोंगा होतो, पलीकडच्या भिंतीमागे काहीतरी घरघरायला लागतं, कोंडलेली हवा पाण्याला ढकलते आणि लाटा येतात. भोंगा वाजला की वडापावच्या रांगेतली, बाकावर पेंगणारी, कपडे बदलायला गेलेली अशी सगळी माणसं अर्धवट अवस्थेत पळत सुटतात. खऱ्या समुद्राकडे असं कोणी धावत नाही. तो कुठे जाणार आहे?

मी कमरेएवढ्या पाण्यात उभा होतो आणि डोळ्यांवर चष्मा होता. चष्मा लॉकरमध्ये ठेवा अशी पाटी दारात होती. पण ती वाचायला चष्मा लागतो, आणि वाचून झाली की काढायचं राहून जातं. शेजारी साठीचे एक गृहस्थ उभे होते. उन्हाने रापलेली छाती, गळ्यात सोन्याची जाड साखळी आणि खाली आमच्यासारखीच भाड्याची जांभळी नायलॉनची चड्डी. मढचे कोळी. सकाळी कार्ल्याला एकवीरेचं दर्शन झालेलं, नातवंडांनी हट्ट धरला म्हणून इकडे वळलेले. पहिली लाट आली. आम्ही सगळे किंचाळलो. ते हलले नाहीत. दुसरी आली, तिसरी आली. एका गवंड्याने दुसऱ्या गवंड्याची भिंत बघावी तसे ते बघत होते.

"कशी वाटते लाट?" मी विचारलं.

"सारखी येते," ते म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "दर्याला लहर लागते. हिला लाइट लागते."

मग काठावरच्या शिट्टीवाल्या पोराला त्यांनी विचारलं, "सुकती कधी रे?"

सुकती म्हणजे ओहोटी. हा शब्द त्या पोराला माहीत असायचं काही कारण नव्हतं. तो बोलण्यावरून आमच्याच बाजूचा, नाणे मावळातला वाटत होता. पण त्याने मनगटावर बघून अचूक उत्तर दिलं.

"साडेपाचला, काका."

त्यानंतरच्या लाटेत माझा चष्मा गेला.

मी वडगाव मावळचा. आमच्याकडे पाणी वरून येतं आणि त्याला तिकीट नसतं. लोणावळ्यात तर वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो; जूनमध्ये दोरीवर टाकलेला टॉवेल गणपतीत काढतात आणि तेव्हाही तो दमटच असतो. अशा मुलखात अंग भिजवायला कोणी पैसे मोजेल असं आमच्या आजोबांना सांगितलं असतं, तर त्यांनी सांगणाऱ्याला देवऋष्याकडे नेलं असतं. भुशी धरण रेल्वेने वाफेच्या इंजिनांना पाणी पाजायला बांधलं. इंजिनं गेली, विजेच्या गाड्या आल्या, आणि सांडव्याच्या त्या पायऱ्यांवर मुंबई-पुण्याची माणसं रांगेने बसून कणीस खायला लागली. धरणाने इंजिनाऐवजी माणसं थंड करायला घेतली, एवढाच बदल.

समुद्रवाल्यांनी डोंगर चढायचा आणि डोंगरवाल्यांनी समुद्राकडे उतरायचं हा व्यवहार तसा जुनाच. कोळी-आगरी मंडळी एकवीरेला येतात, नवस फेडतात, चिक्की नेतात. आम्ही मुंबईला जातो, समुद्र बघतो, सुके बोंबील आणतो आणि गाडीत शेजारच्या माणसाच्या तोंडाकडे बघायचं टाळतो. मधे जो घाट लागतो तो दोघांनाही सारखाच लागतो. 'गाडी लागते' हा मराठीतला फार नेमका शब्दप्रयोग आहे. आमच्या आत्याला गाडी स्टँडवर उभी असतानाच लागायची. खंडाळ्याच्या वळणापर्यंत तिच्याकडची लिंबं, आलेपाकाच्या वड्या आणि देवांची नावं सगळं संपलेलं असायचं.

जी अवस्था टाळायला आत्या लिंबू हुंगायची, ती अवस्था यावी म्हणून तिचा नातू आता दीड तास रांगेत उभा राहतो. हे कसं झालं याचा मी चष्म्याविना विचार करत होतो. चष्मा नसला की माणसाला इतिहास जास्त स्पष्ट दिसतो.

हा धंदा नावारूपाला आला तो समुद्रकाठीच. न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंड नावाची चौपाटी. तिथे १८८४ साली लामार्कस थॉम्प्सन या गृहस्थाने लाकडी रुळांवर एक गाडी सोडली. भाडं पाच सेंट, वेग ताशी सहा मैल. म्हणजे आमच्याकडे वरातीत बँडवाले चालतात त्याहून थोडा जास्त. गाडी एका मनोऱ्यावरून घरंगळत दुसऱ्या टोकाला जायची. तिथे सगळ्यांनी उतरायचं, माणसांनी गाडी ढकलून वर चढवायची, आणि मग उलट्या दिशेने परत घरंगळायचं. ही कल्पना थॉम्प्सनच्या डोक्यात आली पेनसिल्व्हेनियातल्या एका डोंगरी रेल्वेवरून. ती होती खाणीतला कोळसा उतरवायला. पण लोक हौसेने तीत बसून खाली यायचे. म्हणजे थॉम्प्सनचा रोलर कोस्टर सुचला डोंगरात आणि नाव कमावलं चौपाटीवर.

आता आमच्या बोरघाटाकडे बघा. १८६३ साली, म्हणजे थॉम्प्सनच्या एकवीस वर्षं आधी, खंडाळ्याच्या खाली रिव्हर्सिंग स्टेशन सुरू झालं. डोंगर इतका उभा की रुळांना एका दमात वळण घेता येईना. म्हणून गाडी सरळ एका कड्याच्या टोकावर न्यायची, इंजिन सोडायचं, दुसऱ्या टोकाला जोडायचं, आणि गाडी आल्या दिशेने उलटी दुसऱ्या रुळावरून चढवायची. सदतीस फुटांत एक फूट चढ, पंचवीस बोगदे. डब्यात बसलेल्या माणसाला एकदा डोंगर उजवीकडे दिसायचा, एकदा डावीकडे. मधे कड्याच्या टोकावर बसून इंजिनाची वाट बघायची. कोनी आयलंडवर पाच सेंटांत जे मिळायचं ते सगळं होतं, शिवाय पुण्याला पोचवायचे. थरारासाठी वेगळे पैसे घ्यावेत हे रेल्वेला सुचलं नाही. १९२९ मध्ये नवा मार्ग झाला आणि हा खेळ बंद पडला.

या घाटाचं काम ज्या ठेकेदाराकडे आलं तो सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे पोचला आणि थोड्याच दिवसांत आजारी पडून वारला. त्याच्या बायकोने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, ठेका स्वतःकडे घेऊन काम पुरं करवलं. ऐन भरात चाळीस हजारांवर मजूर या कड्यांवर होते. त्यातले किती खाली उतरले नाहीत त्याचा विचार केला की खिडकीतून बघताना आपण जरा सावरून बसतो. घाट चढायला मागून ढकलणारी इंजिनं आजही कर्जतला लागतात, आणि ती लागेपर्यंत वडा खाऊन घ्यायचा हा नियम आजही आहे. पोटात काहीतरी असल्याशिवाय ते वर येणार कसं? रस्त्याच्या बाजूला १८३० सालचा पूल होता. डोकेदुखीच्या बामच्या जाहिरातीमुळे त्याला सगळे अमृतांजन पूल म्हणायचे. ऐन चकरा आणणाऱ्या वळणावर बामची पाटी! जाहिरात लावणाऱ्याला घाट कळला होता. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये, रस्ता रिकामा बघून, तो पूल पाडला.

पण थरार आम्हाला तिकीट काढून मिळायचाच. जत्रेत.

वडगावला पोटोबा महाराजांचा उत्सव असला की आकाशपाळणा यायचा. लाकडी, चार पाळण्यांचा. त्याला मोटर नव्हती. पाळणेवाला माकडासारखा आऱ्यांवर चढायचा आणि अंगाच्या भाराने तो फिरवायचा. त्यामुळे पाळण्याचा वेग त्याच्या जेवणावर अवलंबून असे. एका फेरीचे चार आणे. आजीला वर जायची भीती आणि खाली राहायची लाज. ती त्याला म्हणायची, "निम्म्यातनंच परत आण, पैसे निम्मे घे." तो हसायचा आणि पुरा वर न्यायचा. वर गेल्यावर आजी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची, आणि खाली आल्यावर वर्षभर सांगायची की वरून आपल्या घराची कौलं दिसली, मागच्या पडवीची दोन फुटलीत. पुढच्या जत्रेपर्यंत ती फेरी तिला पुरायची.

पुढे कोलंबस आला, टोराटोरा आला, ब्रेक डान्स आला, मौत का कुआँ आला. प्रत्येकाचं तिकीट वेगळं. म्हणून आम्ही आधी खाली उभं राहून दुसऱ्यांची तोंडं बघायचो, कशात किती पिवळी पडतात याची तुलना करायचो आणि मग एकच काय ते ठरवायचो. भीती तेव्हा किरकोळीत मिळायची. पावशेर घ्यायची, पुडीत बांधून घरी न्यायची.

ती घाऊक कोणी केली, याचंही उत्तर कोनी आयलंडला आहे. १८९५ साली पॉल बॉयटन नावाच्या पट्टीच्या पोहणाऱ्याने तिथे चहूबाजूंनी कुंपण घालून दारावर पैसे घ्यायला सुरुवात केली. दोन वर्षांनी जॉर्ज टिल्यू याने स्टीपलचेस पार्क काढलं आणि सगळ्या खेळांचं मिळून पंचवीस सेंटांचं एकच तिकीट ठेवलं. एकदा दारात मोजा, मग दिवसभर काय ते करा. हा टिल्यू भारी माणूस. १९०७ मध्ये त्याचं अख्खं पार्क जळून खाक झालं, तर दुसऱ्या दिवशी त्याने पाटी लावली की जळके अवशेष बघायला दहा सेंट पडतील. तो आमच्याकडे जन्मला असता तर भुशी धरणाच्या एकेका पायरीचा लिलाव झाला असता.

महाराष्ट्रात हा घाऊक व्यापार सुरू झाला तोही समुद्रकाठीच. १९८९ साली सुभाषचंद्रांनी बोरिवलीपलीकडे गोराईला एस्सेलवर्ल्ड काढलं. त्याआधी आमच्याकडे मौज म्हणजे जुहूची घोडागाडी, फार तर चौपाटीचा हाताने फिरणारा पाळणा. एस्सेलवर्ल्डने मात्र मराठी शाळांच्या सहलीचा नकाशाच बदलला. पूर्वी सहल म्हणजे शिवनेरी, देहू-आळंदी, झालंच तर प्रतापगड. नव्वदच्या दशकात प्रत्येक शाळेला एकाएकी कान्हेरी लेण्यांचं महत्त्व पटलं. कान्हेरी बोरिवलीला आहे. सहलीच्या पत्रकावर 'शैक्षणिक' लिहायला काहीतरी हवं ना.

आमची सहल एसटीच्या लाल गाडीने पहाटे तीनला निघाली. कान्हेरीला शंभरावर लेणी आहेत. आम्ही ती वीस मिनिटांत बघितली. इतिहासाचे सर पुढे पळत होते आणि पळता पळता सांगत होते, "हा विहार, हेही विहारच, चला." कार्ल्याचा चैत्य आमच्या दाराशी, देशातला सगळ्यात मोठा कोरीव चैत्य, तो असताना लेणी बघायला मुंबईपर्यंत का आलो, असं एकाने विचारलं. त्याला गाडीत शेवटच्या सीटवर बसवण्यात आलं.

मग गोराईची खाडी. तीरावर बोट उभी. आमच्यातल्या निम्म्यांनी बोट पहिल्यांदा बघितलेली. ती हलायला लागली, आणि आम्हाला वाटलं पहिला खेळ हाच. सगळे ओरडले. दोघांना बोट लागली. पलीकडे उतरल्यावर ते रडायला लागले की आमचा नंबर झाला, आता पुढचं नको.

पण पुढे सर होते. सर गणितही शिकवायचे. वर्गणीतले तिकिटाचे पैसे भागिले राइड असं त्यांनी बोटीतच काढून ठेवलं होतं. दारातून आत शिरल्यावर त्यांनी शिट्टी मारली, रांगा लावल्या आणि जाहीर केलं, "अकरा राइड झाल्याशिवाय डबा उघडायचा नाही." आम्ही कामाला लागलो. कामाला हाच शब्द बरोबर आहे. एक राइड झाली, दुसरी झाली, उलटं करणाऱ्या एका पाळण्यात एकाच्या खिशातले सगळ्या सहलीचे सुट्टे पैसे आकाशात गेले. भुताच्या घरात अंधारात कोणीतरी माझा हात घट्ट धरला. बाहेर आल्यावर ते सर निघाले. दोघांनीही तो विषय पुन्हा काढला नाही. त्या वर्षी मला गणिताच्या तोंडी परीक्षेत पैकीच्या पैकी मिळाले. वरून धाडकन खाली सोडणाऱ्या पाळण्यासमोर आम्ही नववीतली वाघासारखी पोरं उभी राहिलो आणि एकमेकांना म्हणालो, तू जा. सरांनी वहीत खुणा केल्या. दुपारी साडेतीनला अकरावी राइड पुरी झाली तेव्हा डबा उघडून जेवायच्या अवस्थेत फक्त एसटीचा ड्रायव्हर होता.

आजीच्या एका फेरीचं वर्णन मला अजून पाठ आहे. त्या अकरांतल्या सात कोणत्या होत्या ते मला दुसऱ्या दिवशी निबंध लिहायलाही आठवलं नाही. मी कान्हेरीवर लिहिला.

पुढे १९९८ मध्ये शेजारीच वॉटर किंगडम झालं, आणि २००९ मध्ये त्याच टेकाडावर, भिंतीला भिंत लागून, विपश्यनेचा जागतिक पॅगोडा उभा राहिला. मुलगा लहान असताना आम्ही पुन्हा गोराईला गेलो तेव्हा बोटीत दोन तऱ्हेची माणसं होती. एक पांढरे कपडे घातलेली, शांत व्हायला निघालेली. दुसरे आम्ही, किंचाळायला निघालेले. पाणी तेच, बोट तीच, जेटी तीच. पलीकडे उतरल्यावर ते एका दाराने गेले, आम्ही दुसऱ्या. संध्याकाळी परतीच्या बोटीत पुन्हा तेच सगळे भेटले. तेव्हा मात्र ओळखू येईना कोण कुठून आलंय. सगळेच गप्प. त्यांचं मन रिकामं झालं होतं, आमचा घसा. एस्सेलवर्ल्ड २०२२ मध्ये बंद झालं, पॅगोडा आहे. याच्यातून काही तात्पर्य काढू नये, मी नुसती बोट सांगितली.

मधल्या काळात समुद्रकाठचा हा धंदा घाटाच्या पायथ्याला येऊन पोचला होता. २०१३ मध्ये मनमोहन शेट्टींनी खोपोली-पाली रस्त्यावर इमॅजिका सुरू केलं. मावळकडून बघितलं तर सोपं: घाट उतरायचा आणि घाट उतरल्यासारखं वाटायला पैसे द्यायचे. तिथे 'मिस्टर इंडिया'ची राइड आहे, ज्यात मोगँबो आपल्यावर चिडतो. राजासोरस नावाची पाण्यातली सफर आहे. हा डायनासोर थापेबाजी नाही, नर्मदेच्या खोऱ्यात त्याचे अवशेष मिळाले आणि २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याचं रीतसर बारसं केलं. लोक दुरून येतात, भारतीय डायनासोर बघून घाबरतात आणि परदेशी डायनासोरच्या बनियनवर घरी जातात. २०२२ मध्ये हे पार्क संगमनेरच्या मालपाणींकडे आलं, गायछाप जर्दावाले. चंचीतून माणसाला अर्ध्या चिमटीत चक्कर आणण्याचा अनुभव या घराण्याला पिढ्यान्‌पिढ्यांचा.

तिथल्या 'नायट्रो'वर मला मुलाने बसवलं. या गाडीला तळ नाही. पाय मोकळे लोंबतात, खाली रूळ दिसतात, आणि ती माणसाला पाच वेळा उलटं करते. बसण्याआधी चपला काढायला सांगतात. चपला काढल्यावर मराठी माणसाचे हात आपोआप जोडले जातात, माझेही जुळले. मग खांद्यावरून लोखंडी जोखड आलं आणि गाडी टकटक करत चाळीसेक मीटर चढली. वर क्षणभर सगळं थांबल्यासारखं वाटलं, समोर सह्याद्रीची भिंत, उन्हात तांबूस. मला आजी आठवली. मीही कौलं शोधायला लागलो होतो, तेवढ्यात गाडी सुटली. पुढचं मला सांगता येणार नाही, कारण डोळे मिटलेले होते. उतरल्यावर तिथे आपला त्या वेळचा फोटो विकत मिळतो. तो बघून बायको म्हणाली, "हा घेऊ या. तुमच्या शंभर टक्के खऱ्या चेहऱ्याचा एकही फोटो घरात नाही."

बायको आमच्या सरांची विद्यार्थिनी नाही, पण असायला हवी होती. तिच्याकडे वही नसते, मोबाइल असतो. त्यात कोष्टक असतं. चौघांची तिकिटं, लॉकर, कपड्यांचं भाडं, अनामत, जेवण, टोल. खाली भागाकार. लोणावळ्याच्या या समुद्राकडे निघालो तेव्हा ती जाहीर करून मोकळी झाली की माणशी सोळा घसरगुंड्या झाल्याशिवाय वसूल होत नाही. आई आमच्याबरोबर होती, वय एकाहत्तर. तिच्या वाटच्या सोळा मुलाने आणि मी वाटून घ्यायच्या ठरल्या.

दारातच पहिली लढाई. अशा ठिकाणी बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत. आमच्यापुढच्या कुटुंबाच्या पिशवीतून ठेपल्यांची चळत निघाली. तपासणाऱ्या मावशींनी ती बाजूला ठेवली, तिथे आधीच शंकरपाळे, फरसाण आणि चकल्या मिळून एक दिवाळी जमली होती. मग आमची पिशवी. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. आई शांतपणे म्हणाली, "खाणं नाही, औषध आहे."

"आजी, हे धपाटे आहेत."

"डॉक्टरांनी दिलेत." आईने माझ्याकडे बोट केलं. "याला शुगर आहे."

मावशींनी माझ्याकडे दयेने बघितलं. मला शुगर नाही. पण सात धपाट्यांचा प्रश्न होता. मी चेहरा पाडला. औषध आत गेलं.

दुसरी लढाई कपड्यांची. पाण्यात नायलॉनच लागतो, कारण सुती कपड्याचे धागे सुटतात आणि गाळणीत अडकतात. कारण पटण्यासारखं आहे. पण आईने नऊवारी सोडली तेव्हा पाचवारी धरली, त्याच्या पलीकडे ती गेलेली नाही. तिला गुडघ्याखाली येणारा काळा झगा आणि वर डोक्याला प्लास्टिकची टोपी दिली. ती आरशासमोर बराच वेळ उभी राहिली. मला वाटलं आता रडते. ती म्हणाली, "रेनकोटाचं अस्तर वाटतंय. आपल्या घरी चालेल, निऱ्या नाहीत." आणि सगळ्यांच्या आधी पाण्यात गेली. कपड्यांनी तिथे मोठी समता आणलेली असते. बाहेर जे तहसील कचेरीत साहेब असतात आणि जे त्यांच्या दाराबाहेर ताटकळतात, ते आत एकाच जांभळ्या चड्डीत एकमेकांना ओळख दाखवत नाहीत.

मग आम्ही कामाला लागलो. रबराच्या ट्यूबा खांद्यावर घेऊन जिने चढायचे. एकेक जिना कार्ल्याच्या पायऱ्यांची आठवण करून देणारा, फक्त वर देवी नाही, शिट्टीवाला आहे. वर पोचून ट्यूबेत बसायचं, आठ-दहा सेकंदांत खाली, नाकातोंडात पाणी, की पुन्हा ट्यूब खांद्यावर. दुपारपर्यंत माझे गुडघे बोलायला लागले. बायको मोबाइल लॉकरमध्ये ठेवून आल्यामुळे बोटांवर मोजत होती. "तुमच्या नऊ झाल्या. आईंच्या धरून."

"आईच्या कशा धरतेस? ती लाटांत आहे."

"लाटांत तासाला एक धरली."

याच हिशोबात मला लाटांच्या पाण्यात बदली मिळाली. आणि तिथे माझा चष्मा गेला.

लाटा चालू असताना शोधायची सोय नव्हती. शिट्टीवाल्या पोराने सांगितलं, समुद्र थांबल्यावर बघू. आई गळ्यापर्यंतच्या पाण्यात मढच्या त्या कोळीबाबांच्या बायकोशी एकवीरेच्या ओटीला काय लागतं यावर बोलत होती. कोळीबाबा माझ्याशेजारी तसेच उभे. मी त्यांना विचारलं, मढला घरासमोर समुद्र असताना इथे कसं वाटतं?

"बरं वाटतं," ते म्हणाले. "इथे बघून ठेवायला काय लागत नाय. वारा कुठला, ढग कसे, पोरं कुठे गेली. कामच नाय."

मी त्यांना सांगितलं नाही की मी मात्र सकाळपासून कामावर आहे.

साडेपाचला भोंगा झाला. भिंतीमागची घरघर थांबली. दोन-तीन लाटा सवयीने आल्या, मग पाणी डुलत डुलत निवत गेलं आणि शेवटी फरशीच्या चौकटी खाली स्पष्ट दिसायला लागल्या, म्हणजे इतरांना. शिट्टीवाला ओरडला, "चला, बाहेर! समुद्र बंद!" माणसं ट्यूबा ओढत निघाली. कोळीबाबा निघाले नाहीत. ते पाण्याच्या मधोमध गेले, क्षणभर थांबून उतार कुठे, पाणी कुठल्या बाजूला ओढतं ते पायांनी चाचपलं, आणि एका कोपऱ्याकडे चालायला लागले. तिथे त्यांनी पायाच्या अंगठ्याने काहीतरी उचललं. मग आणखी काहीतरी. दोनदा बुडी मारली. शिट्टीवाला शिट्टी तोंडात धरून नुसता बघत राहिला.

बाहेर येऊन ते काठावर उकिडवे बसले आणि ओंजळीतलं सगळं फरशीवर ओतलं. माझा चष्मा, तीन केसांचे चाप, एक पैंजण, पाचाचं नाणं, एका पोराचा निळा गॉगल, आणि कोणाची तरी खालची कवळी. ते हाताने एकेक वेगळं करायला लागले. मोठं मोठ्याशेजारी, बारीक बारीकशेजारी. बंदरावर बायका मासळीचे वाटे लावतात, तसे.

"लहानशा पाण्यात बराच माल," ते म्हणाले, आणि चष्मा माझ्याकडे सरकवला. "हा तुमचा वाटा." कवळी हातात धरून त्यांनी जाणाऱ्या गर्दीवर नजर टाकली, आणि कोण बोलत नाही ते बघायला लागले.